भूजलातील तेलप्रदूषण : औद्योगिक स्थळांवरील शोध व नियंत्रण

इंधनाच्या टाक्या, पाईपलाईन, तेलगाळाचे खड्डे, यंत्रशाळा, ट्रान्सफॉर्मर आणि वापरलेल्या तेलाचे ड्रम यांतून सांडलेले किंवा गळालेले तेल जमिनीत मुरून विहिरी-बोअरच्या पाण्यापर्यंत पोहोचणे, याला भूजलातील तेलप्रदूषण म्हणतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, फर्नेस ऑइल, वंगणतेल, ट्रान्सफॉर्मरचे तेल आणि डांबरी तेले त्यात येतात. ही नोंद महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या प्रदेशाबद्दल आहे. त्यातही यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारखे बाजारगाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. अशा गावांच्या पाण्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही, आणि पाहिले पाहिजे.

ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे यवतमाळ म्हणजे विदर्भ, पलीकडे नांदेड म्हणजे मराठवाडा. ढाणकी हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. इथे रिफायनरी नाही, तेलाचा मोठा डेपो नाही. विदर्भातले असे डेपो नागपूरजवळ बोरखेडीला आणि अकोल्याजवळ गायगावला आहेत. पण तेल मुरण्यासाठी डेपोच हवा असे नाही. पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी, ट्रॅक्टरचे गॅरेज, जिनिंगचे आवार, मोटार रिवाइंडिंगचे दुकान, डिझेलचा साठा असलेली खडी क्रशरची जागा, गळकी डीपी हे सारे कोणत्याही तालुक्याच्या बाजारगावात असते. गॅरेजच्या मागच्या अंगाला इंजिनातले जळके ऑइल ओतून काळी पडलेली जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला या विषयाची सुरुवात वेगळी सांगावी लागत नाही.

जमिनीत तेल कसे वागते : हलकी तेले पाण्यावर तरंगतात. पेट्रोलची सापेक्ष घनता ०.७२ ते ०.७८, तर डिझेलची ०.८२ ते ०.८६. मुरत मुरत भूजलपातळीपर्यंत आले की असे तेल तिथे पसरते. धातूवरचे ग्रीस धुण्यासाठी वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन मात्र पाण्यापेक्षा जड, घनता सुमारे १.४६. डांबर आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली पीसीबीयुक्त (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असलेली) द्रवेही अशीच जड असतात. ती पाण्यातून खाली उतरून खडकाच्या तळाशी बसतात आणि वर तवंगही दिसत नाही. पीसीबींवर केंद्र सरकारने २०१६ च्या आदेशाने बंदी आणली आणि वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत दिली.

जमिनीतले तेल एकाच रूपात राहत नाही. काही मोकळे तरंगते, काही मातीच्या कणांना आणि खडकाच्या भेगांना चिकटून राहते, काही पाण्यात विरघळते आणि काही वाफ होऊन वर येते. आरोग्याला सर्वांत घातक असतो तो विरघळलेला अंश, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलमधले बेंझीन कर्करोगकारक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम सुचवली आहे. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन घनफळाने एक टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त पावणेनऊ ग्रॅम. ते सगळे विरघळले तर जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचते. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि त्यात सवलतही नाही. पण या कसोटीला उतरलेले पाणी बेंझीनच्या कसोटीला उतरेलच असे नाही, कारण दोन मर्यादांत पन्नास पटींचे अंतर आहे. म्हणून पेट्रोलची शंका असेल तिथे एकट्या ‘तेल व ग्रीस’च्या आकड्यावर विसंबू नये.

काळ्या पाषाणाचा प्रश्न : या विषयावरची बरीचशी पुस्तके वाळूच्या थरांवर बेतलेली आहेत. वाळूत तेल सारखे पसरते आणि त्याचा पट्टा नकाशावर काढता येतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी पाईपलाईन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उचलले गेले, तरी लाखो लिटर जमिनीत राहिले. तेथील भूशास्त्रीय सर्वेक्षण १९८३ पासून त्या जागेवर अभ्यास करत आहे. जमिनीतले सूक्ष्मजीव तेल हळूहळू खातात आणि त्यामुळे विरघळलेला पट्टा एका मर्यादेपलीकडे फार लांबत नाही, हे जगाला तिथून नीट कळले. पण ती हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आहे, आपला दख्खनी पाषाण नव्हे.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा पाषाण, खाली फुटलेला आणि त्याखाली घट्ट पाषाण, मध्येच कुठे लाल गेरूचा थर. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. त्यातून निथळून हाती येणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारण एक ते तीन टक्केच असते. तेलालाही तेवढीच जागा मिळते, त्यामुळे थोडे तेल फार दूर जाते. हिशेब करून पाहा. हजार लिटर डिझेल दोन टक्के पोकळीच्या खडकात एक सेंटिमीटर जाडीने पसरले, तर पाच हजार चौरस मीटर व्यापते, म्हणजे सव्वा एकराच्या आसपास. प्रत्यक्षात काही तेल मातीत अडकते आणि काही उडून जाते, पण अंदाज यावा म्हणून हे गणित उपयोगी आहे. त्यात ते सारखे पसरत नाही. एका भेगेत शिरले की पन्नास फुटांवरची विहीर सोडून दीडशे फुटांवरच्या विहिरीत निघते. ‘जवळची विहीर चांगली आहे, मग लांबची कशी बिघडेल?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर या भेगांत आहे.

काळी माती हा दुसरा मुद्दा. पावसाळ्यात ती फुगून घट्ट होते, तेल अडवते. एप्रिल-मेमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या काळात सांडलेले तेल मातीला न शिवता थेट मुरमात उतरते. नंतर मृगाचा पाऊस त्याला आणखी खाली ढकलतो. शिवाय बेसाल्टमध्ये भूजलपातळी मे आणि ऑक्टोबर यांच्या दरम्यान कित्येक मीटर वरखाली होते. तरंगणारे तेलही तिच्याबरोबर चढते-उतरते आणि मधला सगळा खडक माखून ठेवते. म्हणूनच एखादी विहीर हिवाळ्यात स्वच्छ आणि उन्हाळ्यात तेलकट वाटते. एकाच नमुन्यावर ‘प्रदूषण नाही’ असा दाखला देणे चूक आहे.

शोध : शोधाची सुरुवात बोअरच्या गाडीने करू नये. आधी वास, मग वही, मग विहीर, आणि शेवटी गरज पडली तर बोअर. पाण्याला रॉकेलसारखा वास येतो हे प्रथम घरातल्या बाईला कळते, चहा करताना. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये घरच्या बोअरमधून इंधन येऊ लागले तेव्हाही रहिवाशांच्याच लक्षात आले. शेजारून जाणाऱ्या पेट्रोलियम पाईपलाईनकडे बोट गेले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण पीठापुढे गेले. अशी तक्रार तारीख, वेळ आणि पाऊस किती झाला होता यांसह लिहून घेणे हा तपासाचा पहिला कागद.

दुसरा कागद साठ्याची वही. पंपावर आणि डेपोत रोज टाकीत डिपची काठी (मोजकाठी) टाकून साठा मोजतात. आलेले, विकलेले आणि उरलेले यांचा मेळ महिनोन्‌महिने एकाच बाजूला तुटत असेल तर टाकी किंवा तिची पाईप गळत आहे असे समजून दाबचाचणी घ्यावी. त्याच डिपच्या काठीला टाकीच्या तळाचे पाणी ओळखण्यासाठी एक पेस्ट लावतात. पाणी लागले की तिचा रंग बदलतो. हीच पेस्ट निरीक्षण-विहिरीत उपयोगी पडते. पेस्ट लावलेली मोजपट्टी तेलातून पाण्यात उतरवली की ओल्या झालेल्या भागात रंग न बदललेला तुकडा म्हणजे तेल. महागडे शोधयंत्र मिळेपर्यंत याने काम भागते. मात्र विहिरीतली तेलाची जाडी खडकातल्या जाडीपेक्षा बरीच जास्त दिसते, हे ध्यानात ठेवावे.

विहिरीवरचा प्रत्येक तवंग तेलाचा नसतो. लोहजीवाणूंचाही इंद्रधनुषी पापुद्रा येतो. काठीने हलवून पाहावे. जीवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग मागे सरकून पुन्हा जुळतो. तेल निघाले तर त्या विहिरीत माणूस उतरवू नये, काडी ओढू नये, काठावर डिझेल इंजिन चालवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती विहिरीच्या तळाशी साचते. उन्हाळ्यात गाळ काढायला उतरणाऱ्या मजुराच्या जिवाशी हा खेळ होतो.

नमुना घेण्यातच बहुतेक तपास बिघडतात. पिण्याच्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत घेतलेला तेलाचा नमुना निरुपयोगी ठरतो. तेलासाठी काचेची बाटली हवी, तीही अख्खी प्रयोगशाळेत वापरली जावी, कारण तेल काचेलाही चिकटते. बेंझीनसाठी छोटी कुपी काठोकाठ भरून, बुडबुडा न ठेवता बंद करावी आणि बर्फात ठेवून पोहोचवावी. गावात वापरतात त्या फील्ड टेस्ट किटमध्ये तेलाची चाचणीच नसते. यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडमुळे पाणी तपासण्याची सवय बऱ्यापैकी लागली आहे, पण त्या अहवालात तेलाचा रकाना शोधून सापडणार नाही. तो वेगळा मागावा लागतो.

विदर्भात आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ‘तेल व ग्रीस’च्या चाचणीत सरकीचे किंवा सोयाबीनचे तेलही मोजले जाते. तेलगिरणीजवळच्या विहिरीचा आकडा मोठा आला म्हणून लगेच पंपाला दोष देऊ नये. अर्कातून सिलिका जेलने स्निग्ध तेले काढून टाकली की मागे खनिज तेल उरते. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफीने ते पेट्रोल आहे, डिझेल आहे की इंजिनातले जळके ऑइल, हे ओळखता येते. दोषी ठरवण्याआधी एवढे तरी झालेच पाहिजे.

पाणी कोणत्या बाजूला वाहते हे कळायला तीन विहिरींच्या पातळ्या आणि त्यांची उंची पुरते. ढाणकीच्या परिसरात ढोबळमानाने नाल्यांकडे आणि पुढे पैनगंगेकडे उतार धरावा, पण जोराने उपसा होणारी एखादी बोअर हा उतार उलटवू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण-विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते, त्या नोंदी हाताशी ठेवाव्यात. तेलाच्या पट्ट्यात प्राणवायू आणि नायट्रेट घटलेले, विरघळलेले लोह वाढलेले आढळते. ही सूक्ष्मजीवांच्या कामाची खूण आहे.

नियंत्रण : सर्वांत आधी लोकांना दुसरे पाणी द्यावे. त्यानंतर गळती बंद करावी. हा क्रम उलटा झालेला अनेकदा दिसतो. आधी अहवाल, मग बैठक आणि तोवर त्याच विहिरीचा उपसा. माखलेली माती खणून काढता येते, पण ती घातक कचरा नियम २०१६ प्रमाणे अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जावी, कुणाच्या बांधावर नव्हे. तरंगणारे तेल स्किमरने, म्हणजे वरचा थर ओढून घेणाऱ्या साधनाने उचलतात. त्यासाठी विहीर खोल उपसू नये, कारण पातळी खाली गेली की तेल नव्या भेगांत उतरते आणि पुढच्या पावसात तिथेच कोंडते. मुरमातली वाफ निर्वात पंपाने खेचता येते, खाली हवा सोडून विरघळलेला अंश उडवता येतो. पण पाषाणाच्या भेगांत हवा आपल्याला हवी त्या वाटेने जाईल याची खात्री नसते. विरघळलेल्या अंशासाठी पाणी उपसून क्रियाशील कोळशातून गाळणे हा भरवशाचा, पण खर्चिक उपाय आहे.

सूक्ष्मजीवांच्या उपायाचे आपल्याकडे चांगले काम झाले आहे. टेरी या संस्थेने तयार केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूमिश्रण तेलगाळासाठी वापरले जाते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले तेव्हाही ते वापरले गेले. उपसून पसरलेल्या मातीत अशी मिश्रणे छान काम करतात. खोल भेगेतल्या तेलापर्यंत मात्र ती पोहोचवणे अवघड असते. तिथे बहुधा प्राणवायू आणि पोषकद्रव्ये पुरवून स्थानिक जीवाणूंनाच हाताशी धरावे लागते.

कायदा : जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ च्या कलम २४ मध्ये नदी-नाल्याबरोबर विहिरीचाही उल्लेख आहे. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक गाळाने नासल्या, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च सोसावा हे तत्त्व लागू केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शाळा, दवाखाने व वस्तीपासून अंतर ठरवून दिले. २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले. संशयित जागा कळवण्याचे काम त्यांत स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनावर आहे, म्हणजे ढाणकीत ते नगरपंचायतीकडेही येते. पुढची तपासणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. इंधनाच्या टाक्यांचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आणि ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था, दोन्ही नागपुरातच आहेत.

फेल बोअर : दरवर्षी पाणी न लागलेल्या बोअर गावोगाव तशाच सोडल्या जातात, तोंडावर एखादा दगड, नाही तर फाटकी गोणी. गॅरेजच्या आवारातली अशी बोअर म्हणजे वरच्या मुरमातले तेल दोनशे फूट खाली नेणारी सरळ नळी. तपासासाठी घेतलेली बोअरही वरच्या थरात केसिंग न टाकता ठेवली तर तेच करते. अशी कोणतीही बोअर बेंटोनाइट माती आणि सिमेंटच्या गाऱ्याने तळापासून वरपर्यंत भरावी. गारा वरून ओतू नये, नळी तळापर्यंत सोडून खालून वर चढवत आणावा, नाही तर मध्ये पोकळी राहते. वरच्या दोन-तीन फुटांत काळी माती चोपून बसवावी आणि जागेची नोंद नकाशावर करावी.