स्पार्क प्लग बदलताय? आधी जुन्या प्लगवरचा नंबर वाचा

पेट्रोल किंवा सीएनजीवरची गाडी सकाळी लवकर चालू होईना, चढाला धक्के देऊ लागली, ॲव्हरेज पडलं, की गॅरेजवाला आधी प्लग काढून बघतो. (डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतोच.) बदलायचं काम सोपं आहे, घोटाळा होतो तो दुकानात. "तो नंबर नाही, पण हा बसतोय" म्हणून दुसराच प्लग हातात येतो. आटे बसले म्हणजे प्लग जुळला असं नाही.

उदाहरणाला एनजीकेचा बीपीआर६ईएस घ्या. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिमी, आर म्हणजे आत रेझिस्टर. तो नसेल तर रेडिओत खरखर येते. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. ही लांबी चुकली की संपलं. प्लग लांब पडला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो आणि एका प्लगपायी सगळं इंजिन खोलावं लागतं. आखूड पडला तर हेडच्या मोकळ्या आट्यांत काजळी साचते.

मधला ६ हा उष्णतेचा आकडा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे एनजीकेच्या ६ ला बॉशचा ६ मागू नका. वरच्या प्लगचा बॉशमधला जोड डब्ल्यूआर७डीसी आहे. जास्त थंड प्लग काजळी धरतो. जास्त गरम असला तर इंजिन ठोकतं, पिस्टनसुद्धा जळू शकतो.

सीएनजीवाल्यांनी गॅप जास्त जपावा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिसिंग मारतो. गॅप किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. फिलर गेजने मोजा, अंदाजाने टोक ठोकू नका. कंपनीने इरिडियम प्लग दिला असेल तर तोच टाका, त्याचं टोक बारीक असतं, घासायचं नाही.

जुना प्लग लगेच फेकू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर बघा. तेलकट ओल असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथं नवा प्लगही थोड्या दिवसांत तसाच होणार.

बसवताना इंजिन थंड हवं. आटे हातानेच धरवायचे, पाना शेवटी. वॉशरचा १४ मिमीचा नवा प्लग हाताने टेकला की पुढं साधारण अर्धा फेरा पुरतो. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावला तर आटे जातात.