माऊसच्या उजव्या बटणाचा मेन्यू : छाटणी आणि भर

विंडोजवर चालणाऱ्या संगणकात माऊसचे उजवे बटण दाबले की पर्यायांची एक छोटी यादी उघडते. तिला ‘कॉन्टेक्स्ट मेन्यू’ म्हणतात. बटण फाईलवर दाबले, फोल्डरवर दाबले की डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर, यानुसार त्यातील पर्याय बदलतात. १९९५ साली आलेल्या ‘विंडोज ९५’पासून हा मेन्यू सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाताशी आला.

यादी का लांबते?
संगणक नवा असताना मेन्यू आटोपशीर असतो. पुढे फाईली ‘झिप’ करणारी, व्हायरस शोधणारी, गाणी वाजवणारी सॉफ्टवेअर येतात आणि त्यांपैकी अनेक त्यात आपापला पर्याय घालतात. अशा पर्यायांमागे बऱ्याचदा ‘शेल एक्स्टेन्शन’ नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो विंडोज एक्सप्लोररच्या आतच चालतो. त्यामुळे त्यांतील एखादा जरी सदोष असला, तरी मेन्यू उघडण्यास विलंब लागतो. प्रसंगी एक्सप्लोररही बंद पडतो. दोष मात्र संगणकाच्या माथी मारला जातो.

छाटणी
प्रथम संबंधित सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाहावे. ‘सेव्हन-झिप’ व ‘विनरार’ यांत नको असलेले पर्याय तेथूनच काढता येतात. तेवढ्याने न भागल्यास निरसॉफ्टचा ‘शेलएक्सव्ह्यू’ हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. त्यात सर्व एक्स्टेन्शनांची यादी दिसते. मायक्रोसॉफ्टची एक्स्टेन्शन तशीच ठेवून इतर एकेक करून निष्क्रिय करावीत. ती पुसली जात नसल्याने पुन्हा सुरू करता येतात.

भर
सर्वांत निर्धोक जागा म्हणजे ‘सेंड टू’. विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत ‘शेल:सेंडटू’ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. जे फोल्डर उघडेल, त्यात हव्या त्या प्रोग्रामचा शॉर्टकट ठेवला की काम झाले.

मुख्य यादीत भर घालायची तर ‘रजिस्ट्री’त शिरावे लागते. तेथे ‘शेल’ या कीखाली नवी की, तिच्या पोटात ‘कमांड’ नावाची की आणि तीत प्रोग्रामचा पत्ता, अशी रचना असते. मात्र रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘अन्डू’ची सोय नाही, केलेला बदल तत्काळ नोंदला जातो. म्हणून आधी ‘फाईल’मधील ‘एक्स्पोर्ट’ वापरून संबंधित कीची प्रत जपून ठेवावी.

विंडोज ११ मध्ये
२०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’ने मेन्यू आखूड केला. वरीलप्रमाणे रजिस्ट्रीतून घातलेले पर्याय तेथे ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली जातात. फाईल निवडून शिफ्ट व एफ१० दाबल्यास जुनी, पूर्ण यादी थेट उघडते.

एका वेळी एकच बदल करावा आणि मेन्यू उघडून पाहावा. बिघाड झालाच, तर कोणती पायरी मागे घ्यायची हे त्यामुळे लगेच कळते.