कोरी नळी

दर १ जानेवारीला आम्ही ताडीवाला रोडवरनं टेम्पो करून कोरेगाव भीमाला जातो. वाटेत जागोजाग फ्लेक्स लागतात. त्यांवर १८१८चा आपला शिपाई काढलेला असतो, आणि बहुतेकांवर त्याच्या हातात रायफल असते. आबा ते बघतात आणि दरवर्षी एकच बोलतात, "च्यायला, हिच्या आधी ही आली कुठनं?"

आबा म्हंजे माझे आजोबा. महार रेजिमेंटातनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर. दहावी नापास. बाकीचं वाचन रद्दीच्या दुकानातलं आणि लायब्ररीतलं. इतिहास लिहायचा तुझा अधिकार काय, असं कुणी विचारील. मशीन चालवणाऱ्याला मशीनचा इतिहास सांगायचा अधिकार नसेल, तर मग तो कुणाच्या बापाचा?

आबांचं म्हणणं खरं आहे. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री शिरूरहून जी पलटण निघाली, तिच्याकडं मस्केटी होत्या. गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या. आतनं नळी गुळगुळीत. काळी दारू, वर शिशाचा गोल गोळा, गजानं ठासायचा. शंभर-दीडशे पावलांच्या पुढं नेम म्हंजे नशीब. पाचशेच्या आसपास पायदळ, थोडे घोडेस्वार, दोन तोफा. सगळे महार नव्हते, हेही सांगून टाकतो. पण स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांत २२ नावं 'नाक' लावलेली आहेत, आणि ती कुणाची हे सांगायला पंडित नको.

रायफल म्हंजे काय? नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले. गोळी त्या पिळातनं भोवऱ्यासारखी फिरत निघते म्हणून सरळ जाते. आबांच्या थ्री-नॉट-थ्रीला आत पाच आटे, डावीकडं वळणारे, दहा इंचांत एक पूर्ण फेरा.

आता कोरी नळी. माझी आजी सांगायची, नवं जातं आणलं की लगेच खायचं दळण घालू नये. आधी थोडी भरड दळून टाकायची. दगडाची कच तिच्याबरोबर निघून जाते. नळीचंही तसंच. कारखान्यात आटे पाडताना आत हत्याराच्या बारीक रेघा राहतात, कंगोरे राहतात. गोळीवर तांब्याच्या जातीच्या धातूचं आवरण असतं, ते त्या कंगोऱ्यांवर खरवडून आत चिकटतं. म्हणून पहिल्यांदा एक गोळी झाडायची, नळी पुसायची. पुन्हा एक, पुन्हा पुसायची. धातू कमी धरू लागला की नळी रुळली. काही जाणकार म्हणतात, चांगल्या नळीला हे काही लागत नाही, उगाच गोळ्या वाया. तो वाद चालूच आहे.

आमच्या गिरणीतही नव्या रिंगा बसवल्या की फ्रेम पहिल्या दिवशी पूर्ण जोरात सोडत नाहीत. हळू चालवतात, ट्रॅव्हलर लवकर लवकर बदलतात. नव्या लोखंडाला कामाची सवय लावावी लागते आणि ती माणसाच्या हातानं लागते.

आबा त्यांची नवी रायफल सांगतात. पेटीतनं निघाली तेव्हा ग्रीसनं लडबडलेली. ती पुसून कोरडी करण्यात अख्खा दिवस गेला. नळीत ग्रीस राहिलं तर पहिली गोळी कुठं जाईल सांगता येत नाही, नळीही बिघडायची. मग चांदमारीवर झिरो करायचं, म्हंजे माशी आणि नेम जुळवायचा. संध्याकाळी नळीत उकळतं पाणी ओतायचं, कारण टोपीतल्या मसाल्याचं मीठ आत बसतं आणि रातोरात गंज धरतो. मग दोरीला चिंदी बांधून ओढायची, चिंदी पांढरी निघेस्तोवर. "तवा ती आपली झाली," आबा म्हणतात.

मी शोधू लागलो, की आपल्या लोकांना ही अशी रायफल रुळवायला कधी मिळाली. जे सापडलं ते लिहितो.

पिळाची एनफिल्ड रायफल देशी शिपायांना शिकवायला १८५७च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ डमडमला आणली. तिचं काडतूस दातानं फोडायचं. तिथल्या दारूखान्यातल्या एका खालच्या मानलेल्या जातीच्या कामगारानं ब्राह्मण शिपायाकडं लोटाभर पाणी मागितलं. त्यानं जात काढून नाकारलं. कामगार म्हणाला, थांब, गाई-डुकराची चरबी लावलेलं काडतूस तोंडात धरशील तेव्हा जात कुठं राहील? लोकांच्या आठवणीत हा माणूस मातादीन म्हणून राहिला. काडतूस बनवणारा हात चालत होता, पाणी पिणारं तोंड चालत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांतही हेच झालं. धोट्यातनं धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना तो प्रश्न मांडावा लागला.

बंड मोडल्यावर इंग्रजानं काय केलं? देशी पलटणींसाठी १८५८च्या नमुन्याची बंदूक काढली. बाहेरनं हुबेहूब एनफिल्ड, आतनं गुळगुळीत. आटेच नाहीत. काळ्या शिपायाच्या हातात लांबचा नेम नको. पुढंही गोऱ्याला नवी रायफल आली की त्याची जुनी आपल्याकडं, असाच रिवाज राहिला.

मग १८८८ साली ली-मेटफर्ड आली. पाठोपाठ बिनधुराची दारू, धातूचं आवरण असलेली गोळी. तिचे उथळ आटे त्या दारूच्या आगीनं लवकर झिजायचे, म्हणून १८९५ला खोल आट्यांची ली-एनफिल्ड. आवरणाचा धातू नळीला धरतो, तो काढावा लागतो, हे सगळं शास्त्र ह्या वर्षांतलं. आणि नेमकं ह्याच वर्षांत, १८९२-९३च्या सुमारास, महारांची भरती बंद झाली. अमुक जाती लढवय्या, तमुक नाहीत, असं लाटसाहेबांचं नवं मत झालं. कोरेगावचा खांब जागेवरच उभा होता. तो कुणी वाचला नाही.

गेली ती नुसती बंदूक नाही. पलटणीत शाळा होती, शिपायांच्या पोरांना शिक्षण सक्तीचं होतं. सुभेदार रामजी आंबेडकर पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर. बाबासाहेबांचा जन्म १८९१चा, महूच्या छावणीतला. भरती थांबली तशी आपल्या लोकांची ती शाळाही थांबली. १८९४ला गोपाळबाबा वलंगकर, स्वतः रिटायर हवालदार, त्यांनी अर्ज लिहिला. १९१०ला आपल्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. सैन्यात घ्या, पोलिसात घ्या. उत्तर मिळालं ते महायुद्धाला माणसं कमी पडली तेव्हा. १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली, १९२१ला मोडली. इंग्रज काही आपला मामा नव्हता. दळण संपलं की जातं कोपऱ्यात.

१ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं बाबासाहेबांचा जोर होता. १९४६ला ती मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आबा त्याच रेजिमेंटात पुढं भरती झाले. तिथंच ते सही करायला शिकले आणि मग पेपर वाचायला.

तर मित्रहो, फ्लेक्सवरच्या शिपायाच्या हातात रायफल काढू नका. त्यानं ओळखीची मस्केट पेलून जे केलं ते कमी नाही. खोटं हत्यार दिलं की खरी गोष्ट दडते. ती ही, की हत्यार चांगलं झालं त्याच टायमाला ते आपल्या हातातनं काढून घेतलं आणि परत मिळवायला अर्ज लिहीत पन्नास वर्षं गेली.

पुढच्या जानेवारीला आमच्या मंडळाचे फ्लेक्स दोन असतील. एकावर मस्केटवाला शिपाई. दुसऱ्यावर वलंगकर आणि कांबळे, हातात कागद. आबांना विचारलं, चालेल का? आबा म्हणाले, "चालेल. पर कागदावर तारीख नीट टाक."