परदेशी व राजद्रोह अधिनियम
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फेडरलिस्ट पक्षाने १७९८ मध्ये बहुमताच्या जोरावर संमत केलेले चार कायदे. फ्रान्सशी अघोषित सागरी युद्ध सुरू होत असताना राष्ट्रसंरक्षणाच्या नावाखाली ते करण्यात आले. नागरिकत्वासाठी आवश्यक वास्तव्याची मुदत ५ वर्षांवरून १४ वर्षांवर गेली. नवागतांचा ओढा टॉमस जेफर्सनच्या रिपब्लिकन पक्षाकडे असे, हे त्यामागील एक कारण.

राजद्रोह अधिनियम (१४ जुलै १७९८) प्रतिनिधिगृहात ४४ विरुद्ध ४१ मतांनी संमत झाला. शासन, काँग्रेस वा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लेखन करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि २,००० डॉलरपर्यंत दंड त्यात विहित होता. उपराष्ट्राध्यक्षाला मात्र हे संरक्षण नव्हते; ते पद तेव्हा जेफर्सनकडे होते. खटलेही प्रामुख्याने विरोधी संपादकांवरच झाले. व्हर्‌माँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन यास ४ महिन्यांची कैद झाली. तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले. फेडरलिस्टांपैकी जॉन मार्शलसारखा एखादाच या कायद्याविरुद्ध उघड बोलला.

३ मार्च १८०१ रोजी, ॲडम्सच्या कारकीर्दीअखेर, त्याची मुदत संपली. जेफर्सनने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर शिक्षा झालेल्यांना माफी दिली. तथापि त्याचा आक्षेप मुख्यत्वे मध्यवर्ती शासनाच्या अधिकारावर होता; १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या राज्यपालास लिहिलेल्या खाजगी पत्रात त्यानेच विरोधी वृत्तपत्रांवर राज्याच्या कायद्याखाली निवडक खटले भरण्याचे सुचविले. शत्रुदेशीय परकीयांविषयीचा कायदा तेवढा टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपानी, जर्मन व इटालियन नागरिकांना त्याखाली स्थानबद्ध करण्यात आले, तर २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या नागरिकांना हद्दपार करण्यासाठी त्याचा आधार घेण्यात आला.