हजेरीपटातलं नाव आणि वर्गातला मुलगा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. कारण जरा दुखरं आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या आईचा आमच्याकडे एकच फोटो. १९६२ साली मोठ्या दादाच्या लग्नात काढलेला. मांडवात उभी, डोक्यावरून पदर, हातात अक्षतांचं ताट. मूळ फोटो ओल येऊन फ्रेमच्या काचेला चिकटला, पण त्याआधी नातवाने तो स्कॅन करून ठेवला होता. मागच्या पावसाळ्यात मी मोठ्या उत्साहाने घरातले सगळे फोटो एका प्रोग्रॅममध्ये 'इम्पोर्ट' केले. पडद्यावर सगळे कसे ओळीत दिसू लागले! मग म्हटलं, आता जुन्या फोल्डरची अडगळ कशाला? उडवलं. रीसायकल बिनही रिकामी केली. मी टापटिपीची ना!

चार दिवसांनी आईचा फोटो मोठा करायला गेले, तर 'फाईल सापडत नाही'.

नातू म्हणाला, "आजी, तू 'ॲड' केलंस, 'कॉपी' नाही केलंस." मला कळेना. मग मीच माझ्या भाषेत समजून घेतलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं असतं, पण मुलगा काही रजिस्टरमध्ये राहत नाही. 'ॲड' म्हणजे नुसती नोंद. फोटो जिथे होता तिथेच राहतो. मी रजिस्टर जपलं आणि मुलाला घालवून बसले.

इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे हे कुठून सुरू झालं ते शोधल्याशिवाय चैन पडेना.

अमेरिकेत मिशिगनमध्ये ग्लेन नोल नावाचे प्राध्यापक होते. त्यांना छायाचित्रणाचा नाद, घराच्या तळघरात डार्करूम. मुलं थॉमस आणि जॉन तिथेच फोटो धुवायला शिकली. १९८७ साली थॉमस पीएचडी करत होता. त्याच्या मॅकिंटॉशचा पडदा फक्त काळं-पांढरं जाणणारा. त्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी त्याने 'डिस्प्ले' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जॉन चित्रपटांच्या ट्रिकसीनचं काम करणाऱ्या इंडस्ट्रियल लाईट अँड मॅजिकमध्ये होता. त्याच्या आग्रहाने तो प्रोग्रॅम वाढत गेला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने तो 'फोटोशॉप' म्हणून बाजारात आणला. गंमत म्हणजे लोकांना तो दाखवताना जॉन जो फोटो वापरायचा, तोही घरचाच. बोरा बोरा बेटावर समुद्राकडे बघत बसलेली त्याची मैत्रीण जेनिफर, पुढे त्याची पत्नी.

पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात प्लग-इनची सोय होती. प्लग-इन म्हणजे मिक्सरची भांडी समजा. मोटर एकच, चटणीचं भांडं वेगळं, दळणाचं वेगळं. शिवाय भांडं दुसऱ्या कारखान्यानेही बनवावं. १९९२ मध्ये 'काईज पॉवर टूल्स' हा असाच संच आला आणि खूप गाजला.

आणि मला नवल वाटलं ते हे, की सुरुवातीला फोटो आत आणणं हेही प्लग-इनचंच काम होतं! प्रत्येक स्कॅनरवाला आपापलं प्लग-इन द्यायचा. पुढे १९९२ मध्येच अनेक कंपन्यांनी मिळून 'ट्वेन' हे समान मानक ठरवलं, म्हणजे कुठलाही स्कॅनर कुठल्याही प्रोग्रॅमशी बोलू शकेल.

मग डिजिटल कॅमेरे आले. रीळ ३६ फोटोंचं असायचं, आता एका सहलीत तीनशे. एकेक फोटो उघडून काम भागेना, म्हणून वहीखाते ठेवणारे प्रोग्रॅम आले: पिकासा, २००५ मध्ये ॲपलचं ॲपर्चर, २००७ मध्ये लाईटरूम. लाईटरूममध्ये मूळ फोटोला हातही लागत नाही, तुम्ही केलेले बदल कॅटलॉगमध्ये सूचना म्हणून लिहिले जातात. इम्पोर्ट करताना तो विचारतो, कॉपी, मूव्ह की ॲड? हा एवढासा प्रश्न आपण वाचतच नाही.

आणि ही दुकानं कायमची नसतात. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. ॲपर्चरही ॲपलने त्याच्या आदल्या वर्षी विकायचं थांबवलं. निक कंपनीची प्लग-इन २०१२ मध्ये गूगलकडे गेली, २०१६ मध्ये फुकट झाली, २०१७ मध्ये डीएक्सओने घेतली. फोटोशॉप ३२ बिटवरून ६४ बिटवर गेलं तेव्हा जुनी प्लग-इन नव्यात चालेनात. मिक्सर बदलला की जुनी भांडी बसत नाहीत, तसंच.

असो. आईचं काय झालं? प्रोग्रॅमने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली एक बारीक प्रतिमा नातवाने शोधून काढली. पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी. चेहरा ओळखू येतो. अक्षता मात्र आता दिसत नाहीत, ताट नुसतं पांढरं आहे.

ती मी कागदावर छापून घेतली, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि एक प्रत दादाच्या मुलीकडे पाठवली. तुमच्याकडेही असा एखादाच फोटो असेल. आज संध्याकाळी एवढंच बघा, की तुमच्याजवळ मुलगा आहे, का नुसतं हजेरीपटातलं नाव.