उमेदवार: बिनपगारी कचेरीपासून घरबसल्या इंटर्नशिपपर्यंत

‘उमेदवार’ म्हटले की आज डोळ्यांपुढे निवडणूक येते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मात्र हा शब्द उच्चारताच मराठी माणसाला कचेरीचा व्हरांडा आठवत असे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आशा धरून असलेला’. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१) तो सरकारी नोकरीच्या आशेवर असलेला इच्छुक या अर्थाने येतो. पगार नाही, हुद्दा नाही. कामे मात्र आहेत: नकला उतरवायच्या, कागद लावायचे, हिशेबाचे आकडे ताडून पाहायचे. एखादी जागा रिकामी होईल आणि साहेबांना आपली आठवण येईल, या भरवशावर वर्ष-दोन वर्षे काढायची. यालाच ‘उमेदवारी करणे’ म्हणत. ‘इंटर्नशिप’ला आज आपण मराठी प्रतिशब्द शोधत असतो, तो आपल्याकडे होता, फक्त राजकारणाने तो पळवला.

या थ्रेडचा विषय सरकारी कार्यालयांत विद्यार्थ्यांनी करायची ही उमेदवारी आहे. हल्ली ती घरबसल्या, दूरस्थ पद्धतीनेही करता येते. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला हे अंतर मिटणे किती मोलाचे आहे, हे कळण्यासाठी आधी ते अंतर काय होते ते पाहावे लागेल.

सुरुवात पेशवाईपासून. पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. ‘चालते दफ्तर’ आणि ‘एकबेरीज दफ्तर’ असे त्याचे प्रमुख विभाग. साऱ्या राज्याचा जमाखर्च तेथे येऊन मिळे. एवढे कारकून तयार कोठे होत? त्यासाठी शाळा नव्हती. मुलगा बापाजवळ, काकाजवळ किंवा एखाद्या ओळखीच्या फडणिसाजवळ बसे, बोरू धरायला शिके, मोडीचे वळण गिरवी. पत्राचा मायना कसा लिहावा, कोणास कोणत्या पदवीने संबोधावे, हिशेब कसा मांडावा, हे सांगणारी ‘मेस्तके’ नावाची हस्तलिखित पुस्तके असत. पण खरे शिक्षण शेजारी बसूनच होई. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना हे पटेल. ते वळण पुस्तकातून येत नाही. कोणीतरी बोट ठेवून दाखवावे लागते.

गावपातळीवर तर हे शिक्षण घराबाहेर पडतच नसे. कुळकर्णीपण वतनी होते. वऱ्हाडात त्याला पटवारी म्हणत. दफ्तर घरातच, गुरू घरातच आणि जागाही घरातच ठरलेली. घरबसल्या सरकारी कामाचे प्रशिक्षण ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. अट एकच होती, योग्य घरात जन्म घेण्याची.

कंपनीने १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले. इंग्लंडहून आलेले कोवळे ‘रायटर’ तेथे देशी भाषा शिकत, आणि शिकत असतानाच त्यांचा पगार सुरू असे. मराठी शिकवायला विल्यम केरी होता. त्याच्या हाताशी नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा होते. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये निघाला, त्यात या वैदर्भीय पंडिताचा मोठा वाटा. (केरीचे नाव सगळ्यांना ठाऊक, वैजनाथांचे किती जणांना?) म्हणजे राज्य करायला आलेल्या परदेशी शिकाऊ मुलाला पगार आणि गुरू दोन्ही मिळत होते. त्याच राज्याच्या कचेरीत शिकू पाहणारा देशी मुलगा मात्र पदरचे खाऊन काम करीत होता. साहेबाच्या मुलावर खर्च करणे ही राज्याची गरज समजली गेली. उमेदवारावर खर्च करण्याची गरजच भासली नाही, कारण तो फुकट येतच होता.

आता आपल्या भागाकडे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. उमरखेड पुढे बाशीम, म्हणजे आजच्या वाशीम, जिल्ह्यातील पुसद तालुक्यात होते. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यात आला. उमरखेडच्या मुलाला तहसील कचेरी गाठायची तर पुसदला जावे लागे. जिल्ह्याची कचेरी आधी बाशीमला, नंतर शंभर किलोमीटरहून अधिक दूर यवतमाळला. बैलगाडीच्या काळात हा हिशेब मैलांचा नव्हता, मुक्कामांचा होता.

या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे हदगावचा मुलूख, जो १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. अलीकडे वऱ्हाडात कचेरीची भाषा मराठी. पलीकडे निजामाच्या राज्यात १८८४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा फारसी आणि त्यानंतर उर्दू. घरी एकच बोली बोलणाऱ्या, एकाच नदीवर पाणी भरणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला उमेदवारीसाठी मराठी मुसदा पुरे, दुसऱ्याला आधी उर्दू शिकणे भाग. सरहद्द नकाशावर आखली जाते, पण ती अशी एखाद्या मुलाच्या पाटीवर येऊन थांबते.

तरीही भाषा आणि अंतर यांहून मोठा अडथळा वेगळाच होता. कचेरीच्या गावी राहून वर्षभर बिनपगारी काम करायचे, तर जेवायचे कोठे?

याचे त्या काळचे उत्तर म्हणजे ‘वार लावणे’. आठवड्याचे सात वार सात घरांत वाटून घ्यायचे. सोमवारी एकाकडे जेवण, मंगळवारी दुसऱ्याकडे. नाहीतर माधुकरी मागायची. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी नामवंतांचे शिक्षण या अन्नावर झाले. गरीब मुलाला उभे करणारी ती खरोखर मोठी सामाजिक सोय होती, हे नाकारता येत नाही. पण ती सोय जातीच्या पंक्तीपुरती होती. ब्राह्मण मुलाला ब्राह्मण घरी वार मिळत. कुणब्याच्या, माळ्याच्या, बंजाऱ्याच्या मुलाला कचेरीच्या गावात अशी सात घरे कोठून मिळणार? आणि महाराच्या मुलाला तर घराच्या ओसरीपर्यंतही येऊ देत नसत. मुलींचा प्रश्न उद्भवतच नव्हता. त्यामुळे ‘बिनपगारी’ हा शब्द दिसायला सर्वांना सारखा असला, तरी प्रत्यक्षात तो निवड करीत होता. कोणताही कायदा न करता बिनपगारी जागा राखीव झाली होती, आणि आजच्या इंटर्नशिपविषयी बोलताना नेमके हेच आपण विसरतो.

गरिबीची धार वरच्या जातीलाही लागत होतीच. टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांना (जन्म १८५६) शिक्षण मध्येच थांबवून कऱ्हाडला न्यायालयात कारकुनी करावी लागली. पुढे ते वऱ्हाडात आले आणि अकोल्यास नातलगांच्या आधाराने शिकून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. त्या वाटेवर हाल पुष्कळ होते. पण अकोल्यात एक नातलग होता, हेही तितकेच खरे. ज्याचा कोठेच कोणी नव्हता, त्याचे चरित्र लिहिले गेलेले नाही.

जोतीराव फुल्यांनी हे चित्र कचेरीच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे अर्ज घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कारकुनशाहीवर त्यांनी ओढलेले कोरडे प्रसिद्धच आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला तो याच कारणाने: खालची पायरी बांधल्याशिवाय कचेरीची पायरी बहुजनांच्या मुलांना चढता येणार नाही.

या प्रश्नाचे मूळ ओळखून राज्यकर्ता या नात्याने उपाय केला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १८९४ मध्ये ते गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ही तारीख आपण पाठ करतो. माझ्या मते तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे त्याआधीचा १९०१ चा निर्णय, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी काढलेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. आधी जेवणाची आणि अंथरुणाची सोय, मग जागा, हा क्रम योगायोगाने लागलेला नाही. वार लावण्याच्या व्यवस्थेला वसतिगृह हा पर्याय होता. १९१८ मध्ये त्यांनी कुळकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा घरातल्या घरात चालणारी ती जुनी उमेदवारीही तेथे संपली.

येथून थेट आपल्या काळात येऊ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००९ मध्ये, हिलरी क्लिंटन मंत्री असताना, ‘व्हर्च्युअल स्टुडंट फॉरेन सर्व्हिस’ नावाची योजना सुरू केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या खोलीतून आठवड्याला साधारण दहा तास सरकारी कामे करायची: माहिती गोळा करणे, नकाशे, भाषांतरे. मोबदला नाही. व्हाइट हाउसमधील इंटर्नना तर पगार मिळू लागला तो २०२२ मध्ये. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत अनेक सरकारी विभागांनी इंटर्नशिप ऑनलाइन केल्या. नीती आयोगाची इंटर्नशिप मात्र विनामानधन, आणि लॅपटॉपही विद्यार्थ्यानेच आणायचा. बोरू आणि दौत घरून आणणाऱ्या उमेदवाराची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

दूरस्थ इंटर्नशिपने एक मोठे काम केले आहे. दिल्ली-मुंबईतील खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे, म्हणजेच जुन्या काळचे ते सात वार, तिने अनावश्यक केले. उमरखेडची एखादी मुलगी घरच्यांशी महिनाभर वाद न घालता एखाद्या मंत्रालयाचे काम करू शकते, ही लहान गोष्ट नाही. पण शेजारी बसून शिकण्याचे काय? फाइल कोणत्या टेबलावर का थांबते, टिपणीतील कोणता शब्द प्रकरण पुढे नेतो, हे पडद्यावर दिसत नाही. शिवाय घरी राहूनही वेळ विकत घ्यावाच लागतो. सोयाबीन काढणीच्या हंगामात ज्या घराला हातांची गरज असते, तेथे आठवड्याचे दहा तास फुकट देणे हा खर्चच आहे. म्हणून अंतर आणि मानधन यांतून एकच निवडायचे झाले, तर मी मानधन निवडेन.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या बाबतीत उलट टोकाची आहे. ती दूरस्थ नाही, प्रत्यक्ष कार्यालयात जावे लागते. पण विद्यावेतन आहे: बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,०००, पदवीधर व पदव्युत्तरांना १०,०००. मुदत सहा महिने ठरली होती. २०२५ मध्ये ती आणखी पाच महिन्यांनी वाढवण्यात आली. मुदत संपत आली तशी कायम करण्याची मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. योजना प्रशिक्षणाची आहे, नोकरीची नव्हे, हे कागदोपत्री बरोबरच आहे. पण कचेरीत बसून काम करणारा मनुष्य तेथील रिकाम्या खुर्चीकडे पाहत नाही, असे गेल्या दोनशे वर्षांत कधी घडलेले नाही.