यंत्र आणि भट्टी यांच्या मधली जागा

रंगावरून लोखंडाचा ताव ओळखणारा मिस्त्री गेला आणि त्याच्या जागी अचूक यंत्र आले, असा उष्णता दुरून मोजण्याचा इतिहास सहसा सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. यामागचे भौतिकशास्त्र 1900 पर्यंत जवळजवळ पुरे झाले होते, पण कारखान्यात ते भरवशाचे ठरायला पुढची कित्येक दशके गेली. अडचण यंत्रात कमी होती. यंत्र आणि तापलेला धातू यांच्यामधल्या धुरात, धुळीत आणि खुद्द धातूच्या पृष्ठभागावर ती जास्त होती, आणि तिने मिस्त्रीच्या डोळ्यालाही फसवले होते.

गरज मात्र कारखान्याचीच होती. इंग्लंडमधील कुंभारकामाचे उद्योजक जोसाया वेजवुड यांनी 1782 मध्ये मातीच्या तुकड्याच्या आकुंचनावरून भट्टीचा ताव मोजण्याची रीत रॉयल सोसायटीपुढे मांडली. तिच्या हिशेबात बीड सुमारे 10,000 अंश सेल्सिअसला वितळते, प्रत्यक्षात ते 1,200 च्या आसपास वितळते. तरीही एका भट्टीची दुसरीशी तुलना करायला ती चालत होती, आणि कारखान्याला बहुधा तेवढेच हवे असते. विल्यम हर्शेल यांना 1800 मध्ये तांबड्या रंगापलीकडचे अदृश्य किरण सापडले. पुढे स्टेफान आणि बोल्ट्झमन यांनी प्रारण तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याचे दाखवले, आणि 1900 मध्ये प्रत्येक तरंगलांबीला किती प्रारण निघते हे सांगणारे प्लांक यांचे सूत्र आले. त्याला आधार देणारी मोजमापे बर्लिनच्या सरकारी मापन संस्थेत झाली होती, जिला दिव्यांच्या प्रकाशाचे प्रमाण ठरवायचे होते. त्याच सुमारास अमेरिकेत मोर्स यांनी आणि जर्मनीत होलबोर्न व कुर्लबाउम यांनी तंतूचे यंत्र तयार केले. त्यात विजेच्या दिव्यातला तंतू भट्टीच्या उजेडात दिसेनासा होईपर्यंत प्रवाह बदलायचा आणि त्या प्रवाहावरून तापमान वाचायचे. म्हणजे यातही डोळा होताच. फक्त त्याला रंगाचे नाव सांगण्याऐवजी दोन उजेड सारखे आहेत की नाहीत एवढेच ठरवायचे होते.

खरी गाठ पृष्ठभागाशी पडली. प्लांक यांचे सूत्र पूर्ण काळ्या, म्हणजे त्या तापमानाला शक्य तितके सगळे प्रारण सोडणाऱ्या पदार्थाचे आहे, आणि कारखान्यातला धातू तसा नसतो. चकाकते ॲल्युमिनियम अगदी कमी प्रारण सोडते, तर खपली धरलेले पोलाद बरेच जास्त. समजा, पृष्ठभाग काळ्या पदार्थाच्या निम्मेच प्रारण सोडतो आणि त्याचे खरे तापमान 1,227 अंश आहे. सर्व प्रारण एकत्र मोजणारे यंत्र सुमारे 988 दाखवेल, तर फक्त तांबड्या उजेडावर चालणारे सुमारे 1,160. साध्या तंतूच्या यंत्राला कारखान्यात टिकाव धरता आला, त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे. शिवाय ज्वालेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणे शोषतात, तेव्हा उपाय निघाले तेही मधल्या जागेचेच: भट्टीत टोक बंद असलेली नळी घालून तिच्या आतल्या तळाकडे पाहणे, भिंगापुढे सतत स्वच्छ हवा फुंकणे, यंत्राभोवती पाणी फिरवणे.

इलेक्ट्रॉनिक शोधकांनी सगळे बदलले, हा आक्षेप वजनदार आहे. शिशाच्या सल्फाइडसारख्या शोधकांमुळे डोळ्याला अंधारच दिसतो अशा तापमानाचेही मोजमाप शक्य झाले, आणि वाचन सेकंदाच्या अंशात मिळू लागले. पण वेग वाढला म्हणून खपली काळी व्हायची थांबत नाही. दुसरा आक्षेप याहून बोचरा: वितळलेल्या पोलादात तर स्पर्शाचीच पद्धत जिंकली. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये प्लॅटिनमचे तापयुग्म (थर्मोकपल) काही क्षण रसात बुडवण्याची रीत बसली, आणि पुढे एकदा वापरून टाकायची टोके आली. हे खरे आहे, आणि माझ्या मताला ते पूरकच आहे. रसावर मळी तरंगते, वर धूर असतो, म्हणजे मधली जागा आवरता येत नाही. रोलिंग मिलमध्ये धावणारी पट्टी किंवा सिमेंटच्या फिरत्या भट्टीचे कवच यांना असे तापयुग्म लावून ठेवणे अवघड असते, आणि तिथली नजरेची वाट बरीच मोकळी करता येते. दुरून मोजणे तिथे रुजले. दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरावर चालणारी यंत्रे धूळ पुष्कळशी सोसतात, कारण धूळ दोन्ही तरंगलांबी साधारण सारख्याच प्रमाणात अडवते. पण ॲल्युमिनियमसारख्या धातूचा पृष्ठभाग त्या दोन्हींना सारखे वागवत नाही, आणि तिथे ही यंत्रेही चुकतात.